लूप चालू असताना यादीतून काढलं की शेजारचं का उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दिवसाचा हिशोब लिहिताय. सकाळी नाव नोंदवलं, पण माल काट्यावर आलाच नाही, अशा पट्ट्यांवर (शेतकऱ्याच्या मालाच्या नोंदींवर) कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, संख्या शून्य राहते. त्या पट्ट्या यादीतून काढायच्या आहेत. यादी अशी: ४२, ०, ०, १७, ०, ३१. फॉर लूप लावला, म्हणजे यादीतली एकेक वस्तू क्रमानं पाहिली, आणि शून्य दिसलं की रिमूव्ह ही काढायची सूचना दिली. एरर आली नाही, पण शेवटी यादीत एक शून्य उरलंच. लूप दोनदा चालवला तर तेही जातं. असं का होतं, आणि दोनदा चालवणं हाच उपाय धरायचा का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते तातडीचं आहे. दोनदा चालवणं हा उपाय नाही, तो लूप आजच काढून टाका. सलग आठ शून्यं आली तर पहिल्या फेरीनंतर चार उरतील, दुसरीनंतर दोन, तिसरीनंतर एक. तुमच्या यादीला दोन फेऱ्या पुरल्या, कारण त्या दिवशी न आलेले शेतकरी कमी होते. पाऊस लागून निम्मी आवक थांबली त्या दिवशी हाच प्रोग्राम चुकीचा हिशोब देईल, आणि देताना काही बोलणार नाही.

आता कारण. टँकर यायच्या आधी घागरी ओळीने लावून ठेवतात, ते चित्र डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे ते समजावून सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. समजा एक मुलगा ओळीच्या कडेनं चालतोय आणि फुटकी घागर दिसली की बाजूला काढतोय. त्याच्या डोक्यात घागरी नाहीत, फक्त आकडा आहे: पहिली जागा पाहिली, दुसरी पाहिली, आता तिसरी. त्यानं दुसऱ्या जागेवरची घागर काढली की मागच्या बाया लगेच आपापल्या घागरी एकेक जागा पुढे सरकवतात. जी तिसरी होती ती आता दुसरी झाली. मुलगा मात्र ठरल्याप्रमाणे तिसऱ्या जागेकडे गेला. सरकून दुसऱ्या जागी आलेली घागर त्यानं पाहिलीच नाही.

पायथॉनची यादी नेमकी अशीच वागते. फॉर लूपच्या मागे जो इटरेटर, म्हणजे एकेक वस्तू पुढे देणारा भाग, असतो, त्याच्याजवळ यादीची प्रत नसते. त्याच्याजवळ मूळ यादीकडे बोट आणि एक इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला जागेचा क्रमांक, एवढंच असतं. प्रत्येक वेळी तो विचारतो, हा इंडेक्स यादीच्या आत्ताच्या लांबीपेक्षा कमी आहे का? असेल तर तिथली वस्तू देतो आणि इंडेक्स एकनं वाढवतो. मधल्या काळात यादी आकसली की नाही, याची तो दखल घेत नाही.

तुमचीच यादी हातानं चालवून बघू. इंडेक्स शून्यावर ४२, ठीक. इंडेक्स एकवर शून्य, ते काढलं. यादी झाली ४२, ०, १७, ०, ३१. आता इंडेक्स दोन, तिथे १७. मधलं शून्य सरकून इंडेक्स एकवर गेलंय, ते मागे पडलं. इंडेक्स तीनवर शून्य आहे, म्हणून पुन्हा रिमूव्ह. इथे जरा थांबा, कारण इथली गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लूप उभा आहे इंडेक्स तीनवरच्या शून्यापाशी, पण रिमूव्हला जागा कळत नाही, किंमत कळते. तो यादीच्या सुरुवातीपासून शोधत येतो आणि जे पहिलं शून्य भेटेल ते काढतो. भेटलं ते मघाशी मागे पडलेलं. यादी झाली ४२, १७, ०, ३१. पुढचा इंडेक्स चार, लांबीही चार, लूप संपला. म्हणजे जे शून्य समोर होतं तेच उरलं, न पाहिलेलं गेलं, आणि शेवटच्या ३१ पर्यंत लूप पोचलाच नाही.

नुसते आकडे असतील तर कुठलं शून्य गेलं यानं बिघडत नाही. पण उद्या या यादीत आकड्यांऐवजी पूर्ण पट्ट्या ठेवाल, शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, भाव यांसह. दोन पट्ट्या समान कधी मानायच्या, हे तुम्ही फक्त नावावरून ठरवलं असेल, तर एकाच नावाचे दोन शेतकरी आले की रिमूव्ह भलत्याचीच पट्टी काढेल. आपल्या भागात एका गावात एकाच नावाची चार माणसं निघणं नवीन नाही. म्हणून रिमूव्ह वापरताना एवढं लक्षात ठेवा की तो तुम्ही दाखवलेली वस्तू काढत नाही, तिच्यासारखी दिसणारी पहिली वस्तू काढतो.

हा दोष मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बीडकडच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशोब मी लिहिला होता. दर दहा दिवसांनी बिल निघायचं. ज्या सभासदाचं त्या दहा दिवसांत दूधच नाही, त्याला यादीतून काढायचं आणि उरलेल्यांची बिलं छापायची. प्रत्येक बिलातून २० रुपये ठेव कापायची. मी इंडेक्स घेऊन पुढे जाणारा लूप लिहिला आणि शून्य लिटर दिसलं की तिथेच काढलं. चाचणीसाठी स्वतः बनवलेल्या यादीत शून्यं लांब लांब पेरली होती, त्यामुळे सगळं बरोबर आलं.

पण गावची नोंदवही तशी नसते. तिथे खाती घरवार लागतात. दोन जावांचे क्रमांक एकामागोमाग असतात, बापाच्या पुढे मुलाचा असतो. आणि दसरा-दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघालं की त्या घरातली सगळी खाती एकदमच शून्यावर येतात. एका घरातल्या थोरल्या जावेचं खातं माझ्या प्रोग्रामनं बरोबर वगळलं. धाकटीचं त्याच्या जागी सरकलं आणि तपासलंच गेलं नाही. शून्य दुधाचं बिल, त्यातून २० रुपये कपात, म्हणजे उणे २०. पाच महिन्यांनी ते कुटुंब परत आलं तेव्हा पंधरा बिलांची मिळून ३०० रुपये बाकी त्या बाईंच्या नावावर उभी होती. थोरलीच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून घरात आधी धाकटीवरच संशय आला. रक्कम मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून दिली. पण ज्या घरानं पाच महिने कोयता चालवला, त्या घरातल्या बाईला न घेतलेल्या पैशांचा खुलासा करावा लागला. तेव्हापासून लूपमध्ये काढाकाढी दिसली की मी कोड पुढे जाऊ देत नाही.

हा दोष शेजारी-शेजारी असलेल्या नोंदींवरच उठतो, आणि खऱ्या माहितीत सारख्या नोंदी शेजारीच असतात. एका गावचे शेतकरी एकाच टेम्पोनं येतात, टेम्पो बंद पडला की सलग सहा पट्ट्या शून्य होतात. आपण घरी बसून बनवलेल्या चाचणीच्या यादीत हे कधी येत नाही.

तर करायचं काय? विचारायचा प्रश्न उलटा करा. काय काढायचं हे विचारू नका, काय ठेवायचं हे विचारा, आणि ठेवायच्या गोष्टींची नवी यादी बनवा. पायथॉनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत नवी यादी बनवायची सोय, त्यासाठीच आहे. समजायला सोपं म्हणून इथे देवनागरीत लिहितो (प म्हणजे एक पट्टी, प.कट्टे म्हणजे तिच्यावरचे कट्टे), टाइप करताना पायथॉनचे नेहमीचे शब्द वापरा:

पट्ट्या = [प फॉर प इन पट्ट्या इफ प.कट्टे > ०]

जुनी यादी वाचली जाते, तिला कोणी हात लावत नाही. नवी बाजूला तयार होते. वाचून संपल्यावर नाव नव्या यादीला दिलं जातं. सरकणं नाही, त्यामुळे सुटणंही नाही. तुमच्या कामाला ही एक ओळ पुरेल आणि शंभरातल्या नव्वद वेळा मी हीच लिहितो.

उरलेल्या दहा वेळांमध्ये एक अडचण येते, ती समजून घ्या. वरच्या ओळीनं मूळ यादी बदलत नाही, फक्त पट्ट्या हे नाव दुसऱ्या यादीकडे वळतं. तीच मूळ यादी तुम्ही आधी दुसऱ्या कुणाला दिली असेल, समजा स्क्रीनवर तक्ता दाखवणाऱ्या भागाला, तर तो जुन्याच यादीकडे बघत राहील आणि शून्याच्या पट्ट्या दाखवत राहील. अशा वेळी डावीकडे नावापुढे चौकोनी कंसात नुसता विसर्ग-चिन्हासारखा कोलन द्या:

पट्ट्या[:] = [प फॉर प इन पट्ट्या इफ प.कट्टे > ०]

याचा अर्थ, यादी तीच ठेव आणि आतला सगळा माल बदल. ज्यांच्याजवळ ती यादी आहे त्या सगळ्यांना बदल दिसतो. दोन्हींत फरक एका कोलनचा आहे, पण कुठली ओळ हवी हे लिहिण्याआधी ठरवा: ही यादी माझ्या एकट्याच्या हातात आहे, की आणखी कुणाच्या?

जागेवरच एकेक काढायची खरीच गरज असेल, उदाहरणार्थ काढताना प्रत्येक वेळी काही दुसरं कामही करायचं असेल, तर शेवटाकडून सुरुवातीकडे या. शेवटचा इंडेक्स घ्या, शून्यापर्यंत एकेक कमी करत या, आणि डेल किंवा पॉप (ठरावीक जागेवरची वस्तू काढायच्या सूचना) त्या इंडेक्सनं करा. घागरींच्या ओळीत मुलगा मागून पुढे येतोय असं समजा. त्यानं एक काढली तर सरकतात त्या त्यानं आधीच पाहिलेल्या. न पाहिलेल्या त्याच्या पुढे, जागच्या जागी असतात. इथे रिमूव्ह मात्र नको, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे तो समोरून शोधतो.

काही जण यादीची प्रत करून प्रतीवर लूप फिरवतात आणि मूळ यादीतून रिमूव्ह करतात. यात काही सुटत नाही हे खरं, आणि दहा-वीस नोंदींना ते चालतं. पण मला ते आवडत नाही, कारण प्रत्येक रिमूव्ह यादी सुरुवातीपासून शोधतो आणि मग मागचं सगळं एकेक जागा सरकवतो. एक लाख नोंदींमधून एक सोडून एक काढायची असेल तर नुसत्या सरकवण्याच्या हालचाली साधारण २५० कोटी होतात. नवी यादी बनवताना तेच काम एक लाख वेळा पाहून आणि पन्नास हजार वेळा ठेवून संपतं. हंगामात वर्षभराचा हिशोब काढायला बसाल तेव्हा हा फरक घड्याळात दिसेल.

तुमच्याकडे बऱ्याच जणांचा अभ्यासक्रम जावाचा असतो, म्हणून जावाबद्दल थोडं. अरे-लिस्टवर (जावाच्या यादीवर) फॉर-ईच लूप चालू असताना यादीतूनच रिमूव्ह केलं तर जावा बहुधा कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन ही एरर फेकते. नावात कन्करंट, म्हणजे एकाच वेळी, आहे म्हणून पोरं थ्रेड (प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी दुसरी कामं) शोधत बसतात. थ्रेडचा इथे संबंध नसतो. यादी आपल्यात किती वेळा बदल झाला याचा आकडा ठेवते, इटरेटर सुरू होताना तो आकडा टिपून घेतो, आणि पुढची वस्तू मागताना दोन्ही जुळले नाहीत की थांबतो. पायथॉनच्या गप्प बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण त्यावर भिस्त ठेवू नका. यादीतली शेवटून दुसरी वस्तू पाहत असताना तीच काढली, तर लांबी एकनं कमी होऊन इटरेटरच्या जागेइतकीच होते. पुढे काही आहे का, या प्रश्नाला उत्तर येतं नाही. लूप शांतपणे संपतो, आकडे जुळवायची वेळच येत नाही, आणि शेवटची वस्तू न पाहताच राहते. तीन नावांच्या यादीतलं मधलं काढून बघा, लगेच दिसेल.

जावामध्ये इटरेटर उघड घेऊन त्याचाच रिमूव्ह वापरणं ही जुनी, बरोबर पद्धत; तेव्हा इटरेटर आपली जागा स्वतः दुरुस्त करतो. २०१४ मध्ये जावा आठ आली तेव्हापासून रिमूव्ह-इफ आहे, आणि आता तोच वापरा. अरे-लिस्टचा रिमूव्ह-इफ आधी सगळ्या यादीवर अट चालवून काढायच्यांवर नुसत्या खुणा करतो, आणि खुणा पूर्ण झाल्यावरच उरलेल्यांना एकत्र सरकवतो. अट तपासताना मध्येच एक्सेप्शन आलं तर यादी आहे तशीच राहते. कुठलीही भाषा असो, ठरवणं आणि काढणं असं वेगळं केलं की हा घोळ होत नाही. जावातला आणखी एक खड्डा: यादी इंटिजरची असेल तर रिमूव्हला साधा पाच दिला की पाच ही किंमत जात नाही, पाच इंडेक्सवरची वस्तू जाते.

बाकी भाषा भराभर सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये फॉर-ईचच्या आत स्प्लाइसनं वस्तू काढली तर पायथॉनसारखंच गुपचूप सुटतं, तिथे फिल्टर वापरा. सी शार्पमध्ये रिमूव्ह-ऑल आहे. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरमधून इरेज केलं की त्या जागेपासून पुढचे सगळे इटरेटर निकामी होतात, म्हणून इरेज जो पुढचा इटरेटर परत देतो तो घ्या. सी प्लस प्लस २० असेल तर सरळ इरेज-इफ. रस्टमध्ये असा लूप कंपाइलच होत नाही, तिथे रिटेन आहे.

पायथॉनची डिक्शनरी (‘की’ म्हणजे खूण आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणारी) मात्र यादीसारखी गप्प बसत नाही. लूपमध्ये तिच्यातून एखादी ‘की’ काढली तर पुढच्या फेरीला रनटाइम एरर येते, की फिरत असताना आकार बदलला. अनेक कॉलेजांत अजून पायथॉन दोनच्या काळातल्या नोट्स फिरतात. तिथे कीज मागितल्या की वेगळी यादी मिळायची, म्हणून काढाकाढी चालून जायची. २००८ मध्ये पायथॉन तीन आली तेव्हापासून कीज म्हणजे डिक्शनरीचाच आरसा आहे. म्हणून आधी कीजची लिस्ट करा, मग त्यावर फिरा. किंवा इथेही ठेवायच्या नोंदींची नवी डिक्शनरी करा.

हाच दोष डेटाबेसमध्ये वेगळ्या रूपात येतो, आणि तुमचा हिशोब आज ना उद्या तिथे जाणार आहे. समजा रद्द झालेल्या नोंदी शंभर-शंभरच्या पानांनी आणून काढताय. पहिलं पान आणलं, शंभर काढल्या, आता शंभर सोडून पुढचं पान मागितलं. पण काढल्यावर पुढच्या शंभर नोंदी सरकून पहिल्या पानावर आल्या, आणि त्याच तुम्ही सोडून दिल्या. अर्ध्या नोंदी उरतात. एक तर दर वेळी पहिलंच पान मागा, नाहीतर नोंदी क्रमांकानं लावून शेवटच्या पाहिलेल्या क्रमांकाच्या पुढच्या मागा. जमत असेल तर आणूच नका. डिलीटलाच अट जोडा आणि काम डेटाबेसवर सोपवा.

आता तुमच्या पट्ट्यांबद्दल एक आग्रह. वगळलेल्या पट्ट्या फेकू नका. एका लूपमध्ये दोन नव्या याद्या भरा, आल्या आणि न आल्या. मूळ यादीला हात लावू नका. शेवटी दोन्हींच्या लांबीची बेरीज मूळ लांबीइतकी आहे का ते तपासा आणि नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. संध्याकाळी एखादा शेतकरी काउंटरवर येऊन म्हणेल, माझं नाव सकाळी लिहिलं होतं, पट्टी कुठंय? तेव्हा मुनीमजींना न आलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आणि शून्य कट्टे दाखवता आले पाहिजेत. काट्यावरचा माणूस आकडा टाकायचा विसरला असेल, तर तेही तिथेच सापडेल.

बदल केल्यावर या याद्या चालवून बघा: एकही शून्य नसलेली, सगळीच शून्यं असलेली, पहिली दोन शून्यं, शेवटची दोन शून्यं, मध्ये सलग पाच शून्यं, एकच शून्य असलेली एकटी पट्टी, आणि अगदी रिकामी. त्यानंतर दुकानातली खरी यादी घ्या, ज्या दिवशी आवक सगळ्यांत कमी होती त्या दिवसाची, आणि दोन्ही याद्यांची बेरीज वहीतल्या नोंदींशी मुनीमजींसोबत बसून जुळवा.